अजून नाही

१

रविवारी सकाळी गाडी सुरू करायची, हा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा नेम. नवरा आधी बॉनेटवर तळवा ठेवणार, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग चोक ओढणार, किल्ली फिरवणार आणि मान तिरकी करून ऐकत बसणार. मी चहाचे दोन कप घेऊन गॅरेजच्या दारात. "तिसरा सिलिंडर कुरकुरतोय," तो म्हणणार. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी "हो ना" म्हणणार.

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं. मोटरच्या आवाजावरून आत किती माणसं आहेत ते सांगायचा, आणि दार उघडलं की तेवढीच बाहेर पडायची. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासते. कपाटाहून जरा मोठी, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारी खोली, त्यात बसलेला माणूस, कानांवर हेडफोन, हातात बटण. "शिट्टी ऐकू आली की दाबा." दोघंही कानांवर पोट भरणारे. आमच्या घरात पुटपुटायची सोय नाही.

गाडी त्याने भंगारातून आणली तेव्हा ती नुसता सांगाडा होती. जुन्या काळची स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, ठेंगणी, लांब नाकाची. अकरा वर्षांत त्याने ती उभी केली आणि त्याच अकरा वर्षांत काचबिंदूने त्याची नजर खाल्ली. रंगाचा शेवटचा हात मारताना तो मला विचारत होता, "हिरवाच आहे ना गं?" आता त्याला उजेड, अंधार आणि हलत्या सावल्या एवढंच समजतं. गाडी मी चालवते, तो शेजारी बसतो.

शहराबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर नवशिक्यांसाठी एक दिवस ठेवलाय, स्वतःची गाडी घेऊन या, शिकवायला माणूस मिळेल, असं त्याने रेडिओवर ऐकलं.

"तू चालव, मी बाहेरून ऐकतो," तो म्हणाला. "एकदा तिला जीव खाऊन पळताना ऐकायचंय मला. मीच चालवली असती, पण ते आता..."

मी बावन्न वर्षांची. उतारावर सायकलचे दोन्ही ब्रेक धरून उतरणाऱ्यांतली. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

२

ट्रॅकच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड होती आणि तिच्या टोकाला वर्गासारखी खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, फळ्यावर ट्रॅकचा नकाशा. माझ्या वाट्याला आलेले शिकवणारे साठीचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. सगळे त्यांना मास्तर म्हणत होते.

"हा सरळ रस्ता," फळ्यावर बोट ठेवून मास्तर म्हणाले. "तो संपतो तिथे उजवीकडे मोठं वळण. वळणाआधी तीन बोर्ड येतील. तीनशे, दोनशे, शंभर. वळण तेवढे मीटर लांब, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मंडळींनी दोनशेला ब्रेक दाबायचा. हुशारी नको. वळणापलीकडे खडी टाकलीय, ती हुशार लोकांसाठीच आहे."

सगळे हसले. मीही हसले, पण वहीत "दोनशे" लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

नवऱ्याला मी ट्रॅकलगतच्या भिंतीच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसवलं. मास्तर माझ्या शेजारी बसले. आमच्या दोघांच्या हेल्मेटमध्ये इअरफोन आणि माइक होते आणि त्यांच्या वायरी दोन सीटच्या मधल्या एका डबीत जात होत्या. इंजिनच्या गोंगाटात एकमेकांचं ऐकू यावं म्हणून.

पहिल्या दोन फेऱ्या मी वरातीतल्यासारखी चालवली. "बोर्डाकडे बघू नका, जायचंय तिकडे बघा," मास्तर सांगत होते. तिसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर मी पहिल्यांदा पेडल तळाला टेकवलं. गाडीचा आवाज बदलला. मला एकदम कळलं की हा बाबा अकरा वर्षं गॅरेजमध्ये नेमकं काय ऐकत होता. तीनशेचा बोर्ड गेला. माझा पाय ब्रेककडे सरकला.

"अजून नाही," कानात आवाज आला.

मी पाय थांबवला. दोनशेचा बोर्ड गेला.

"आता."

मी ब्रेक दाबला. गाडी वळणात अशी शिरली, जसा कपाटाचा खण आत सरकावा. कुठे खरखर नाही, हिसका नाही.

पुढच्या फेऱ्यांतही तेच. "अजून नाही... अजून नाही... आता." प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं उशिरा आणि प्रत्येक वेळी बरोबर. आवाजात घाई नव्हती. सायकल शिकवताना मागून "धरलंय, धरलंय" म्हणणाऱ्या माणसाचा असतो, तसा तो आवाज होता.

३

शेडमध्ये येऊन मी हेल्मेट काढलं ते हसतच. नवरा भिंतीला धरून उभा होता. चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"काय गायली गं ती!" तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तू ब्रेक उशिरा मारतेस. दर फेरीला थोडा आणखी उशिरा."

"मास्तर सांगतील तेव्हाच मारतेय."

मास्तर पलीकडून बाहेर येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी? मी तर दोनदा डॅशबोर्डवर हात आपटला. म्हटलं, बाई आज आम्हाला खडीत नेतात. तुम्ही ढुंकून बघितलं नाहीत."

"तुम्हीच नाही का म्हणालात, अजून नाही म्हणून?"

"बाई, दुसऱ्याच फेरीत ही डबी बंद पडली," मास्तर म्हणाले. "दिवा विझला. मी तुम्हाला बोटाने दाखवलंसुद्धा. तुम्ही मान हलवलीत."

मी वाकून आत पाहिलं. डबीवरचा छोटा लाल दिवा विझलेला होता. माझ्या हेल्मेटची वायर डबीतून निघून सीटच्या फटीत लोंबत होती. कधी निघाली होती कोण जाणे.

मान हलवल्याचं मात्र मला आठवत होतं.

४

शेडच्या मागे कॅन्टीन होतं. स्टीलचं टेबल, बेसिनला गळका नळ. मी कॉफी घेऊन त्या नळाकडे बघत बसले आणि स्वतःला तेच सांगितलं, जे वीस वर्षं पेशंटना सांगत आलेय.

माझ्या त्या छोट्या खोलीत बसलेली काही माणसं मी शिट्टी वाजवलेली नसतानाही बटण दाबतात. खोटं बोलत नसतात ती. त्यांना खरंच ऐकू येतं. "मेंदू वाट बघत बसला ना," मी त्यांना सांगते, "की तो स्वतःच दार वाजवतो आणि स्वतःच उघडायला जातो." मी घाबरलेली होते, चोहीकडे गोंगाट होता आणि सूचना ऐकायची वाट बघत होते. मेंदूने सूचना दिली. यात भूत कसलं आलंय? उलट माझ्या मेंदूला गाडी चालवता येते, ही बातमी मलाच नवी होती.

दुसऱ्या खेपेला मी इअरफोन काढूनच टाकले. मास्तर हाताने खुणा करणार असं ठरलं. मास्तर शेजारी, नवरा खुर्चीवर.

सरळ रस्ता. तीनशेचा बोर्ड.

"अजून नाही."

आता तो आवाज दोन्ही कानांत नव्हता. आवाज कुठून येतो हे ओळखणं माझ्या रोजच्या कामातलं आहे, त्यात माझी चूक होत नाही. तो शेजारच्या सीटवरून येत होता, मास्तर बसले होते तिथूनच. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले होते आणि दोनशेच्या बोर्डाला त्यांनी पंजा दाखवला. दाबा.

मी दाबला नाही.

"आता."

दोनशे आणि शंभर या बोर्डांच्या बरोबर मधे. गाडी आत गेली, मखमलीसारखी. सहाही फेऱ्या आम्ही अशाच काढल्या. उतरताना मास्तर रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते स्टॉपवॉचकडे बघत राहिले.

"पहिल्यांदाच आलात म्हणता?"

"हो."

"माझं न ऐकणारे बरेच येतात. ते सगळे खडीत जातात. तुम्ही दर वेळी..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिसरी खेप एकट्या जा. मला शिकवण्यासारखं काही दिसत नाही."

५

मी का गेले, हे नंतर मला नवऱ्याने विचारलं, आणि मी स्वतःलाही बऱ्याचदा विचारलंय. मला कुणी ढकललं नव्हतं. "दमलेय" म्हटलं असतं तर सगळे "बरं" म्हणाले असते. पण बावन्न वर्षांत कुठल्याही गोष्टीत मी चारचौघांपेक्षा सरस नव्हते. परीक्षेत मधली, गाण्यात मधली, भाकरी थापण्यातही मधलीच. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून चष्मा पुसला होता. आणि तो आवाज एकदाही चुकला नव्हता.

मास्तरांनी रिकाम्या सीटचे पट्टे एकात एक अडकवून खटका लावला. "सुटे राहिले तर फडफडतात," म्हणाले, आणि मनोऱ्यावर गेले. तिथून सगळा ट्रॅक दिसतो.

दुपारचं पांढरं ऊन होतं. ट्रॅकवर माझ्या पुढेमागे कुणीच नव्हतं. पहिल्या फेरीला "आता" शंभरच्या बोर्डाला आला. दुसऱ्या फेरीला शंभरच्या पुढे. मी घाबरले नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. मी हसत होते. हेल्मेटच्या आत माझा श्वास मोठ्याने वाजत होता आणि तिसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर येताना मी त्या आवाजाची वाट बघत होते, शिट्टीची वाट बघणाऱ्या माणसासारखी, बटणावर अंगठा ठेवून.

तीनशे. "अजून नाही."

दोनशे. "अजून नाही."

शंभर. "अजून नाही."

वळणाच्या कडेचे लाल-पांढरे दगड मला एकेक वेगळे दिसू लागले. खडीतले खडे दिसू लागले. खडीपलीकडची टायरांची भिंत दिसली, आणि एका टायरवर कुणीतरी खडूने लिहिलेला आकडा. मी अजून वाटच बघत होते. पाय ब्रेकवर होता, नुसता ठेवलेला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की तो शब्द येणार नाहीये. तो या वेळी म्हणणारच नाहीये.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडीने शेपूट फिरवलं. आभाळ, भिंत, आभाळ. खडी पत्र्यावर ताडताड उडाली. त्या गरगरण्यात माझं डोकं शेजारच्या सीटकडे वळलं आणि मला पट्टे दिसले. सुटी वस्तू ब्रेक लागला की पुढे जाते, हे मलाही माहीत आहे. पण ते नुसते पुढे गेलेले नव्हते. ते ताणले गेले होते. पाठीच्या गादीपासून छातीभर अंतरावर, खांद्यांशी रुंद, पोटाशी आवळलेले, आणि मधे काही नव्हतं.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. धूळ खाली बसली.

मग पट्टे सावकाश मागे टेकले. रिकामे पट्टे असे टेकत नाहीत. दमलेलं माणूस टेकतं.

६

गाडी चालत होती. मी ती पहिल्या गिअरमध्ये शेडपर्यंत आणली, अंग दाराला चिकटवून, शेजारी न बघता. नवरा खुर्ची पाडून भिंतीशी आला होता, हात पुढे करून हवा चाचपत होता.

"मी आहे, मी आहे," मी त्याचे हात धरले. "काही लागलं नाही."

"आणि मास्तर? मास्तर बरे आहेत ना?"

"मास्तर नव्हते गाडीत. मी एकटी होते."

"उगाच काहीतरी बोलू नकोस." तो चिडला होता, घाबरल्यावर चिडतो तसा. "मला ओझं कळत नाही? मधल्या उंचवट्यावर मागून घासली ती, तिन्ही फेऱ्यांना. एकट्याने घासत नाही. दोघं होतात तुम्ही."

तेवढ्यात मनोऱ्याचा जिना उतरून मास्तर धावत आले. "बाई! लागलं नाही ना? मी वरून बघत होतो. ब्रेकच दिसेना तुमचा!"

नवऱ्याने मास्तरांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग गाडीकडे. गार होणाऱ्या लोखंडाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

थोड्या वेळाने, सवयीने, तो गाडीला हात लावत लावत शेजारच्या दारापाशी गेला. घरी जायचं म्हणजे तिथेच बसायचं. गाडीत दुसरी जागा नाही. त्याची बोटं दाराच्या मुठीवर पडली आणि मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

"ट्रक मागवते," मी म्हणाले.

"चालू गाडी ट्रकवर घालून न्यायची?"

"हो."

त्याने कारण विचारलं नाही. दार मात्र सोडलं.

ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो. ड्रायव्हर फोनवर त्याच्या मेव्हण्याशी बोलत होता, त्यामुळे मला सगळं सांगता आलं, हळू आवाजात, पहिल्या फेरीपासून. मला वाटलं, तो हसेल. माझंच वाक्य मला ऐकवेल, मेंदू स्वतःच दार वाजवतो म्हणून. तो खिडकीच्या काचेला कपाळ टेकून ऐकत राहिला.

"एक विचारू?" शेवटी तो म्हणाला. "तो आवाज तुला आवडला होता?"

नवऱ्याला खोटं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर पुढे आली, पण तेव्हा नाही. "हो," मी म्हणाले. "फार."

त्याने माझा हात हातात घेतला. घर येईपर्यंत सोडला नाही.

७

त्यानंतर तीन रविवार गॅरेज उघडलं नाही. दोघांपैकी कुणी काही ठरवलं नव्हतं. चहा वरच व्हायचा. तो रेडिओ लावायचा, मी खिडकीतल्या कुंड्या उगाच हलवायचे. चौथ्या आठवड्यात तोच म्हणाला, "विकून टाकू." अकरा वर्षं एका श्वासात देऊन टाकल्यासारखं बोलला. मी म्हणाले, "बरं." आम्ही शहाणी माणसं आहोत, लोखंड म्हणजे लोखंड, असं आम्ही एकमेकांना न बोलता सांगितलं आणि जाहिरात दिली.

शनिवारी दुपारी एक जोडपं बघायला आलं. तिशीच्या आतलं, लग्न नवं असावं, कारण एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. मी शटर वर केलं. आतली हवा गार होती, बंद खोलीची असते तशी. त्यातल्या पोराने बॉनेट उघडलं आणि शिट्टी घातली. माझा नवरा शेजारी उभा राहून सांगू लागला, कार्बोरेटर कसा बसवला, कुठला नट कुठून मिळवला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला होता. मी ऐकत राहिले, आणि म्हणून ती मुलगी कधी पलीकडे गेली, माझ्या लक्षात आलं नाही.

दार लागल्याचा आवाज झाला. ती शेजारच्या सीटवर बसली होती, पाय लांब करून, आरशात बघत.

"अय्या, सीट किती गरम आहे!" ती हसून म्हणाली. "काका, आत्ताच फिरवून आणलीत ना? आमच्यासाठी?"

नवऱ्याचा हात बॉनेटच्या कडेवर थांबला.

"उतर बाळा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"उतर आधी."

ती गोंधळून उतरली. तो सरळ उभा राहिला आणि ज्याने त्या इंजिनचा एकेक स्क्रू रॉकेलमध्ये धुतला होता, तो माणूस त्या पोराला म्हणाला, "इंजिन बाद आहे. ब्लॉकला तडा गेलाय. मी लपवणार होतो, पण नको. पाप नको. गाडी विकायची नाही."

पोरगा म्हणाला, "पण काका, आवाज तरी ऐकू द्या एकदा."

"नाही म्हटलं ना."

इतक्या तुसडेपणाने तो कुणाशी बोललेला मी पाहिला नव्हता. ती दोघं ओशाळून निघाली. मी फाटकापर्यंत गेले, माफी मागितली, वय झालंय म्हटलं. मुलगी जाताना दोनदा मागे वळून गॅरेजकडे बघत होती, काहीतरी विसरल्यासारखी. त्यांची गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला थांबली, आणि वळली.

मी परत आले तेव्हा नवरा शटर ओढत होता. कुलूप लावल्यावरही त्याने हात कुलपावरच ठेवला.

"गेली?"

"गेली."

"पोरगी पुढे बसली होती?"

"हो. त्याच्या शेजारी."

तो जरा वेळ गल्लीच्या टोकाकडे कान देऊन उभा राहिला. गाडीचा आवाज मला तरी केव्हाच ऐकू येईनासा झाला होता.

"गाडीत दोघंच होती ना गं?"

त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर ऊन होतं. मला काचेपलीकडचं काही दिसलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "दोघंच."